डाव्या कानशिलावरची रेघ

आवंढा गिळला आणि पडद्यावरचं पठार काळवंडलं.

मेहरुन्निसाने आधी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. गेल्या पाच खेपांत ते पठार शेकडो वेळा काळवंडलं होतं आणि पुन्हा उजळलं होतं. नेरूळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्लिनिकमध्ये तिथल्या विश्वजित नावाच्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. डोक्याला वायरी लावायच्या, खुर्चीत मागे टेकून समोर बघत बसायचं, बाकी काही करायचं नाही. मेंदू शांत असला की पठारावर ऊन पडतं, जांभळी फुलं उजळतात. काळजीच्या लहरी वाढल्या की ढगाची सावली येते. मेंदूला ऊन आवडतं, म्हणून तो हळूहळू आपोआप शांत राहायला शिकतो. "न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूसमोर धरलेला आरसा, मॅडम," तो म्हणाला होता, आणि हे वाक्य तो दिवसातून आठ वेळा म्हणत असणार हे तिला त्याच्या स्वरावरून तेव्हाच कळलं होतं. पण आता आवंढा गिळताना तिच्या मनात काळजीचं काहीच नव्हतं. खाली कोणीतरी रिक्षा मागे घेत होतं आणि ती त्या आवाजाकडे अर्धा कान देऊन बसली होती, इतकंच. ऊन पुन्हा येईपर्यंत ती थांबली. मग मुद्दाम, अगदी हलकेच, दाढांवर दाढा टेकवल्या. ढग आला. दाढा सोडल्या. ऊन पडलं. पुन्हा आवळल्या, पुन्हा सोडल्या. सगळं पठार तिच्या जबड्याच्या हुकमात होतं. तिला आधी हसू आलं, आणि मग ते अर्ध्यातच थांबलं.

चोवीस वर्षं ती हेच काम करत आली होती, फक्त खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने. वाशीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ईईजीच्या खोलीत ती टेक्निशियन होती. माणसाचं डोकं टेपने मोजायचं, केस बाजूला सारून पेन्सिलीने खुणा करायच्या, पेस्ट लावायची, एकेक इलेक्ट्रोड बसवायचा. मग मेंदूच्या रेघा आधी कागदावर आणि पुढे पडद्यावर सरकताना बघत बसायचं. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवायची. रेघ दिसली की ती मेंदूची आहे असं समजायचं नाही. आधी तिच्यावर शंका घ्यायची. पापणी लवली तरी रेघ उठते, घाम आला तरी रेघ डोलते, पंख्याच्या वायरीने उठते, आणि पेशंटने जबडा आवळला की दोन्ही कानशिलांवर काळं दाट गवत उगवतं. मेंदूतून न आलेली, पण मेंदूची म्हणून मिरवणारी ही रेघ. तिला आर्टिफॅक्ट म्हणतात. "आपलं अर्धं काम म्हणजे पोलिसाचं काम," ती म्हणायची. मुली हसायच्या. आणि आता ती स्वतः इथे बसून जबड्याचं गवत मेंदूची काळजी म्हणून मोजून घेत होती, आणि प्रत्येक खेपेनंतर विश्वजित तिला वर चढणारा आलेख दाखवत होता.

आपलं काम काय आहे हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. फॉर्म हादियाने भरला होता, तिच्या मुलीने, आणि तिथे नुसतं 'नोकरी' एवढंच लिहिलं होतं. मेहरुन्निसाने ते तसंच राहू दिलं. आपण साध्या पेशंटसारखं बसावं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण खरं तर तिला त्यांची चोरी पकडायची होती. भिंतीवरच्या सर्टिफिकेटावरचा शिक्का तिने पहिल्या दिवशीच नीट वाचला. विश्वजित शेजारच्या खोलीत कोणाशी हळू बोलत होता तेव्हा कान टवकारले. रेकॉर्डिंग कुठे साठवतात, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे तिने तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं आणि उत्तरं जुळतात का ते पाहिलं. ती जुळली. त्याचाही तिला संशयच आला. मशीनला विचार वाचता येत नाहीत, हे तिच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार? तरी तिसऱ्या खेपेला ध्यानीमनी नसताना कुंदनचं नाव मनात आलं, आणि तिने घाईघाईने कपाटातल्या ओढण्यांच्या घड्या आठवायला सुरुवात केली. जणू समोरच्या पडद्यावर ते नाव आता उमटणार होतं.

घरी सगळ्यांना वाटत होतं की हे सहा महिन्यांतलं दुखणं आहे. जूनमध्ये आयसीयूत एका म्हाताऱ्यांचं रेकॉर्डिंग करायला ती गेली आणि अर्ध्या तासाच्या कामाला तिला दोन तास लागले. एकेक इलेक्ट्रोड ती पुन्हा पुन्हा तपासत राहिली. नर्सने हाक मारली तेव्हा तिची बोटं त्या म्हाताऱ्यांच्या केसांत अडकल्यासारखी थिजली होती, आणि छातीत असा दाब होता की श्वास वरच्या वर फिरत होता. त्यानंतर रिपोर्टवर सही करताना हात थांबायला लागला. मग गॅस, मग दाराची कडी, मग हादियाचा फोन लागला नाही की त्याच मिनिटाला दुसरा फोन. गोळ्यांनी दिवसभर डोळ्यांवर झापड यायची. हॉस्पिटलने रजा दिली. हारुन, तिचा नवरा, घरी असला की टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा. त्याच्या मते टेन्शन हे रिकाम्या बसण्यातून येतं, आणि आता तर ती रिकामीच बसली होती. हादियाने मोबाइलवर शोधून हे क्लिनिक काढलं. "गोळ्या नाहीत, काही नाही, अम्मी. नुसतं बसायचं," ती म्हणाली होती. आणि तरी, हे मेहरुन्निसाला कबूल करणं भाग होतं, चौथ्या खेपेनंतर तिला दुपारी पडल्या पडल्या झोप लागली होती. स्वप्न नाही, दचकणं नाही. उठली तेव्हा उशीवर लाळ सांडली होती आणि तोंड सैल, कोणा दुसऱ्याच्या तोंडासारखं वाटत होतं.

दुखणं सहा महिन्यांचं नव्हतं. ते चार वर्षांचं होतं आणि नऊ सेकंदांचं होतं. कुंदन बोनकोड्याचा, सव्वीस वर्षांचा. पाम बीच रोडवर त्याची बाइक दुभाजकावर चढली होती. तिला बोलावलं तेव्हा त्याला आत येऊन तीन दिवस झाले होते, व्हेंटिलेटर चालू होता, आणि मेंदू पूर्ण थांबला आहे का याची डॉक्टरांची तपासणी एकदा झालेली होती. वरून ईईजी करा, असं डॉक्टर उदयसिंहांनी सांगितलं. पोराच्या दंडावर गावदेवीचा गोंडा बांधलेला होता आणि डाव्या भुवईत जुनी खोक होती, लहानपणी कुठेतरी पडल्याची. तिने डोकं मोजलं, इलेक्ट्रोड लावले, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाला बोट लावून बघितलं. बोट लावलं की रेघ उसळते, म्हणजे मशीन चालू आहे, वायर धड आहे. मग हात काढून घेतला आणि सगळ्या रेघा आडव्या झाल्या. अशा रेकॉर्डिंगमध्ये खोलीतल्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवायचा असतो. कोण पलंगाला धडकलं, कोणी सलाइन हलवलं, सगळं मिनिटासकट लिहायचं असतं. एकवीस मिनिटं तिने तसा डोळा ठेवला. बाविसाव्या मिनिटाला खिशातला फोन थरथरला. हादियाचा बारावीचा निकाल होता त्या दिवशी. ती पलंगाकडे पाठ करून खिडकीपाशी गेली, मेसेज वाचला, दोन ओळींचं उत्तर लिहिलं, आणि परत येऊन बसली. संध्याकाळी डॉक्टर उदयसिंह रेकॉर्डिंग बघत असताना तिथेच थांबले. डाव्या कानशिलावरची रेघ नऊ सेकंद थरथरत होती. बारीक, पण होती. ते म्हणाले, "हे मसल किंवा मूव्हमेंट दिसतंय. मेहर, काही हललं होतं का?" आणि तिने लगेच, जराही न थांबता उत्तर दिलं, "हो सर. मीच इलेक्ट्रोड नीट केला." त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. दुसऱ्या तपासणीचा निकालही पहिल्यासारखाच आला, मेंदू थांबलेला, आणि कुंदन गेल्याचं घरच्यांना सांगितलं गेलं. त्या तपासण्यांत मशीनचा संबंध नव्हता. त्या डोळ्यांच्या, घशाच्या, श्वासाच्या होत्या. नऊ सेकंदांनी काही बदललं नसतं. हे तिला तेव्हाही माहीत होतं आणि आताही. पण तिने इलेक्ट्रोड नीट केला नव्हता. ती खिडकीपाशी उभी राहून मुलीला शाबासकी लिहीत होती. काय हललं, हे तिला माहीत नव्हतं. आणि न बघितलेल्या गोष्टीवर एकदा हो म्हटल्यावर त्या नऊ सेकंदांत काहीही असू शकत होतं.

बाहेर बाकावर त्याची आई बसलेली असायची. हिरव्या लुगड्यातली, कपाळावर गोंदलेली, पायांशी स्टीलचा डबा. मेहरुन्निसा मशीन ढकलत बाहेर आली तेव्हा ती उठून उभी राहिली. "बाय, मशीनीत काय दिसला?" मेहरुन्निसा म्हणाली, "डॉक्टर सांगतील." तेव्हा तिने रेकॉर्डिंग नीट बघितलंही नव्हतं, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पुढे मात्र जेव्हा जेव्हा ते आठवायचं, तेव्हा ते खोटंच वाटायचं.

पठारावर ऊन होतं. विश्वजित आत आला, वायरी काढायला लागला. तिशीतला, दाढी राखलेला, हात हलका. "आज मस्त होतं, मॅडम. शेवटची दहा मिनिटं तर एकदम स्टेबल."

"मला मूळ रेघा बघायच्या आहेत," मेहरुन्निसा म्हणाली.

"म्हणजे?"

"आलेख नको. डोक्यातून आलेल्या रेघा. त्या तुमच्याकडे असतात."

तो थांबला. "त्या पेशंटला दाखवत नाही आम्ही. उगाच टेन्शन येतं लोकांना."

"मी ईईजी टेक्निशियन आहे. चोवीस वर्षं."

विश्वजितच्या हातात एक वायर तशीच लोंबत राहिली. त्याचा चेहरा क्षणभर परीक्षेतल्या पोरासारखा झाला. मग त्याने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. मेहरुन्निसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याच्या रेघा पाहिल्या. इतक्या जणांच्या पाहिल्या होत्या, स्वतःच्या कधीच नाही. आणि त्यांत मेंदूचं फार थोडं दिसत होतं. सगळीकडे काळं दाट गवत. ते पहिल्या खेपेत रानासारखं माजलेलं होतं, सहाव्या खेपेत जागोजागी विरळ झालेलं. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ही काळजी नाही. हा माझा जबडा आहे. तुम्ही सहा वेळा माझा जबडा मोजला."

"सॉफ्टवेअर फिल्टर करतं ते, मॅडम."

"नाही करत. बघा." तिने दाढा आवळल्या, वायरी अजून अर्ध्या लागलेल्या होत्या. पडद्यावर गवत उसळलं. दोघंही त्याकडे बघत राहिले.

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्याची तिने तयारीही केली होती. पण तो दाढी खाजवत नुसता बसला. मग म्हणाला, "मी सायकॉलॉजी केलंय. मशीनचं ट्रेनिंग चार दिवसांचं होतं. तुम्ही सांगताय ते बरोबर असेल. पण तुम्हाला झोप लागली, हे तर खरं आहे ना? तुम्हीच सांगितलंत. जबडा सोडायला शिकलात तर तेही काही कमी नाही." तिला हे बोलणं फार सोयीचं वाटलं, गिऱ्हाइकाला वाटेला लावणारं. त्याने उरलेल्या वायरी काढल्यावर ती ओढणी सारखी करून उठली. तेवढ्यात तो, तिच्याकडे न बघता, वायरी गुंडाळत म्हणाला, "पण मॅडम, इतका का आवळता? पहिल्या दिवसाचं बघून मला वाटलं, ही बाई तोंडात काहीतरी धरून बसलीय."

ती सरळ बाहेर पडली. जिना उतरताना मात्र तेच वाक्य कानात होतं. याला कोणी सांगितलं? कोणी सांगणं शक्यच नव्हतं. हारुनला माहीत नव्हतं, हादियाला नव्हतं. सबंध चार वर्षांत तिने ते कोणाजवळ काढलं नव्हतं. तरी घरी जाऊन तिने हादियाला विचारलं, "तू त्या क्लिनिकवाल्याशी माझ्याबद्दल काय काय बोललीस?" हादिया लॅपटॉपवरून मान वर करून बघत राहिली. "काही नाही. अम्मी, तू आता माझ्यावर पण शक घेणार?" तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तो रागापेक्षा वाईट होता. मेहरुन्निसा स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभं राहून तिने कितीतरी वेळ तोच एक विचार केला. त्या क्लिनिकात मशीन जबड्याला मेंदू समजलं, आणि माणसं आलेख बघून खूश झाली. आणि कुंदनच्या रेघेला तिने काय समजून काय म्हटलं होतं? जे मेंदूचं असेल त्याला तिने जबडा तर म्हटलं नव्हतं? दोन्हीकडे रेघ तीच. खरं काय ते फक्त त्या वेळी पलंगाकडे बघणाऱ्याला कळलं असतं, आणि बघायला ठेवलेलं माणूस ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती बोनकोड्याला उतरली. याआधी ती तीनदा इथवर आली होती आणि देवळापासून मागे फिरली होती. गावठाणातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्या डोक्यावर एकमेकींना भिडायला बघत होत्या. विचारावं लागलंच नाही. चार मजली इमारतीवर मोठ्या अक्षरांत 'कुंदन निवास' लिहिलेलं होतं. खाली कडाप्प्याच्या ओटीवर त्याची आई, शेवंताबाई, बसली होती. वजन उतरलं होतं, केस पांढरे झाले होते, कपाळावरचं गोंदण तेवढं तसंच. पुढ्यात परातीत भिजवलेले वाल, ती एकेक दाणा दाबून सोलत होती. मेहरुन्निसाच्या डोक्यावरच्या ओढणीकडे तिने एकदा बघितलं आणि पुन्हा वालात मान घातली. "रूम नाय हाय खाली."

"मी रूम बघायला नाही आले."

"मंग कोन पायजे?"

"तुम्हीच. मी हॉस्पिटलात होते. कुंदनच्या डोक्याला वायरी लावल्या होत्या, ती मी."

शेवंताबाईचे हात थांबले. तिने मान वर केली आणि मेहरुन्निसाच्या तोंडाकडे, हातांकडे, पायांतल्या चपलांकडे बघितलं. बघणं असं की माणूस नव्हे, सामान तपासावं. "चार वरसांनी? कशाला? कुनी पाठवला तुला?"

"कुणी नाही पाठवलं." बसायला कोणी सांगितलं नव्हतं. मेहरुन्निसा उभ्यानेच बोलायला लागली. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. "तुम्ही मला विचारलं होतं, मशीनमध्ये काय दिसलं. मी म्हटलं डॉक्टर सांगतील. सगळ्या रेघा आडव्या होत्या. पण एक रेघ हलली. डाव्या बाजूची. थोडा वेळ, नऊ सेकंद. डॉक्टरांनी विचारलं काही हललं का, मी म्हटलं हो, माझा हात लागला. माझा हात लागला नव्हता. मी बघतच नव्हते. माझ्या मुलीचा मेसेज आला होता, मी खिडकीकडे तोंड करून उभी होते." आणि मग, हे सांगायचं ठरवलेलं नव्हतं तरी, "त्याने काही फरक पडला नसता. डॉक्टरांच्या तपासण्या वेगळ्या होत्या. पण मी खोटं बोलले."

शेवंताबाई उठली. परात तशीच टाकून आत गेली आणि दार अर्धं लोटलं. आतून भांड्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मेहरुन्निसा ओटीच्या पायरीशी उभी राहिली. वरच्या गॅलरीतून कोणीतरी वाकून बघत होतं. ही आता मुलांना बोलावणार. दिनानाथ की कोण, मोठा मुलगा, त्याने हॉस्पिटलात एकदा आरडाओरडा केला होता. मुलं येतील, गाव जमेल, हॉस्पिटलचं नाव येईल, हादियाला कळेल. अजूनही निघता येईल, असं मनाने सांगितलं. आणि आपण हे हिच्यासाठी सांगायला आलो की आपली छाती मोकळी करायला, असंही त्याच मनाने विचारलं. निजलेलं दुःख उठवून तिच्या दारात सोडलं आणि स्वतः हलकी होऊन घरी जायचं. असं कोणी केलं असतं तर मेहरुन्निसाने त्याला काय म्हटलं असतं? ती हलली मात्र नाही.

शेवंताबाई बाहेर आली तेव्हा एकटीच होती. ओले हात लुगड्याला पुसत होती, पण ते पुसून संपतच नव्हते. ती खाली बसली. आवाज एकदम बारीक झाला होता.

"तू खिडकीकनं होतीस. पिवळा डगला होता तुजा. फोन बगत होतीस."

मेहरुन्निसाला काही उमगेना. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी आत आलते." शेवंताबाईने आजूबाजूला बघितलं. "ती आया होती, पुतळा. तिचे पाया परले. म्हटला, एकदाच बगून येतंय. तिनं परद्याच्या मागून सोरला मला. बोलली, हात नको लावूस, मशीन लागलीय, बिगरंल. मी नायच लावनार होते. पन त्याचे ओठ... असे सुकलेले, खपल्या धरलेल्या. डब्यात पानी होता. बोट बुरवून ओठाला लावला, नि गालावरनं फिरवला. मंग तू वललीस, तशी मी पलाले."

गल्लीतून एक गॅसची गाडी सिलिंडर वाजवत गेली. मेहरुन्निसाच्या आत चोवीस वर्षांची सवय लगेच कामाला लागली. कोणता गाल? पलंगाच्या कुठल्या बाजूला उभी होती? किती वेळ? हे खरं आहे, की आताच आत जाऊन, दार लोटून, हिने ते रचलं? रचलं तर कशासाठी, माझ्यासाठी? पण पिवळ्या डगल्याचं तिने सांगितलं नव्हतं. तो डगला हॉस्पिटलात सगळेच घालायचे, हेही खरं. ती विचारणारच होती. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शेवंताबाईने तिचं मनगट धरलं. पकड अशी घट्ट की बांगडी रुतली.

"मी कुनाला नाय सांगितला. पोरांना नाय, कुनाला नाय. पुतळा बोललेली मशीन बिगरंल. मी हात लावला, म्हनून मशीनीनं खोटा दाकवला का ग? पोरगा हाय ता नाय म्हनून सांगितला का? माज्या हातानं गेला का तो?"

आणि मेहरुन्निसाला दिसलं की ही बाई चार वर्षं ह्या इमारतीखाली, ह्या नावाखाली बसून वाल सोलत होती ती हे घेऊन. तिच्या स्वतःच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ते आता कधी मिळणारही नव्हतं, कारण कोणता गाल हे विचारलं तरी ती उत्तरावर शंका घेणारच होती. पण ह्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. इतक्या वर्षांत बाकी कशाचंही नसेल इतकं पक्कं माहीत होतं. ती पायरीवर, शेवंताबाईच्या शेजारी बसली.

"नाही," ती म्हणाली. "ऐका. मशीन लावली की आम्ही स्वतःच बोट लावून बघतो. बोट लावलं की रेघ हलते. हाताने रेघ वाढते. असलेली रेघ हाताने पुसली जात नाही, कधीच नाही. तुम्ही शंभर वेळा हात लावला असता तरी तो असता तर दिसलाच असता."

शेवंताबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत विश्वास नव्हता. असा चाणाक्ष, तपासणारा अविश्वास, जो मेहरुन्निसा रोज आरशात बघायची. "माज्यासाटी बोलतेस."

"नाही."

"आन घे तुज्या पोरीची."

मेहरुन्निसाने हादियाची शपथ आजवर कधी घेतली नव्हती, हारुनने मागितली तेव्हाही नाही. तिने परातीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि काळ्या कडाप्प्यावर एक लांब आडवी रेघ ओढली. "हे बघा. ही त्याची. अशीच होती, तुम्ही येण्याआधी वीस मिनिटं अशीच." मग शेवंताबाईचं बोट धरून तिने त्या रेघेवर टेकवलं आणि जरा हलवलं. पाणी वर-खाली पसरलं, रेघेला लहानसा उंचवटा आला. "आणि हे तुम्ही. तुमच्या हाताने एवढं झालं. कमी काहीच झालं नाही." आणि मग ती म्हणाली, "हादियाची शपथ."

शेवंताबाईने बोट उचललं नाही. कडाप्प्यावर सकाळचं ऊन यायला लागलं होतं, रेघ दोन्ही टोकांकडून सुकत आत सरकत होती. ती तिथे बोट धरून बसली, वाकून, जवळून बघत, जसं बारीक अक्षर वाचावं. गॅलरीतून कोणीतरी हाक मारली, "आई, कोन हाय गं?" तिने वर न बघताच उत्तर दिलं.

"मानूस हाय. चाय टाक."